एका हाताचा म्हातारा

दर गुरुवारी तळवड्यात लाइट जाते. आजूबाजूच्या कंपन्यांची घरघर थांबते आणि माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचा श्वासही ऐकू येतो. त्या गुरुवारी दुपारी मी फक्त रंग आणायला निगडीला गेले होते. जाताना धाकट्या भावाला, बुद्धरत्नला, शेडमध्ये बाकावर बसवलं. डबा उघडून समोर ठेवला. तो खाणार नाही, हे माहीत असूनही.

मी फायबरचे पुतळे करते. तेव्हा एका शाळेच्या विज्ञान दालनासाठी निअँडरथल माणूस करत होते. आपल्यासारखीच माणसांची एक जात, हजारो वर्षांपूर्वी संपलेली. इराकमधल्या एका गुहेत त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याचा सांगाडा सापडलाय. उजवा हात कोपराखाली नाही, पाय लंगडा, एक डोळा बहुधा गेलेला. पण जखमा जुन्या, भरून आलेल्या. म्हणजे शिकारीला निरुपयोगी झालेल्या माणसाला कुणीतरी वर्षानुवर्षं सांभाळलं होतं. मी तोच घडवला.

बुद्धरत्नचाही उजवा हात नाही. चाकणच्या एका कंपनीत, पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनखाली तुटला. माल जास्त निघावा म्हणून हात आत आला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद ठेवला होता, हे अख्ख्या लाइनला ठाऊक होतं. दवाखान्यात तो गुंगीत असताना कंपनीने कागदावर त्याच्या उरलेल्या हाताचा अंगठा उठवून घेतला. कागदावर लिहिलेलं, 'चूक माझीच होती.' आयटीआय पास माणसाचा अंगठा! तेव्हापासून डाव्या हाताने जेवताना त्याचं सांडायचं, आणि मी घास पुढे केला की तो तोंड फिरवायचा.

दालनाला देणगी देणारी कंपनी तीच, हे मला मागाहून कळलं. त्यांचे एचआर मॅनेजर सयाजीराव फोनवर म्हणाले होते, "मॅडम, पुतळ्याला दोन्ही हात लावा. मुलांसमोर असं तुटकं बरं दिसत नाही."

निगडीहून परतले तर दारातच वास आला. ओल्या कातड्याचा, विझलेल्या जाळाचा. डबा रिकामा होता. बुद्धरत्नच्या हनुवटीवर वरण.

"कसं खाल्लंस रे?"

"भरवलं."

"कुणी?"

तो पुतळ्यामागच्या अंधाराकडे बघत राहिला. "आधी स्वतः चावतात, ताई... मऊ करून मग देतात."

खरं सांगते, भीतीच्याही आधी राग आला. हात गेल्यापासून सहा महिन्यांत त्या लाइनवरचा एक माणूस घरी फिरकला नव्हता. एकही नाही!

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. सयाजीराव.

"हात लावला का, मॅडम?"

"नाही लावणार. तो तसाच जगला. त्याच्या माणसांनी जगवला."

ते हसले. "अहो, रानटी होते ते."

"रानटी ते? माझा भाऊ आत बसलाय. त्याचा अंगठा घ्यायला तुम्हीच आला होतात ना?"

त्यांचं हसू मावळलं. "मी नोकरी करतो," एवढं पुटपुटून ते फोटो काढायला आत गेले.

मी दारातच थांबले. आतून चावण्याचा आवाज येत होता. सावकाश. एका तोंडाचा नव्हे, पुष्कळ तोंडांचा. मग तो एकदम थांबला.

"कोण आहे?" सयाजीरावांचा आवाज. "बुद्धरत्न... अरे, हे कोण..."

ते बाहेर आले तेव्हा गाल फुगलेले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गटारावर वाकून त्यांनी तोंडातलं थुंकलं. चावलेली मुळं. कच्चं मांस.

"आत किती जण आहेत?"

"माझा भाऊ. आणि एक पुतळा."

त्यांनी जोरात मान हलवली. "बायका होत्या... लेकरं होती. मला चाचपलं त्यांनी. छाती, डोकं... आत असायला हवं असं काहीतरी शोधत होते. सापडलं नाही त्यांना..." त्यांनी बाहीने तोंड पुसलं. "मग माझी कीव आल्यासारखे रडले, आणि भरवायला लागले."

गाडी तिथेच सोडून ते चालत गेले. पुन्हा कधी त्यांचा फोन आला नाही, आणि पुतळा एका हाताचाच शाळेत पोहोचला. पण ते नंतरचं. त्या दुपारी मी धीर करून आत शिरले.

बुद्धरत्न बाकाच्या अगदी कडेला सरकून बसला होता. त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, ताई. लेकरं आत्ताच झोपलीत."

मला काहीच दिसलं नाही. मी खाली पाहिलं. फरशीवर पुतळा घासताना पडलेली पांढरी पूड पसरलेली होती आणि तिच्यात अनवाणी पावलं उमटली होती. रुंद, बसकी. काही तळहाताएवढीच. सगळी दाराकडून आत आलेली. परत जाणारं एकही नव्हतं.

सगळ्यात लहान पाऊल माझ्या चपलेला टेकलेलं होतं. मी येऊन उभी राहिले, तेव्हा ते तिथे नव्हतं.