दगडावरून उचललेली अक्षरं

नातीने कंदिलापाशी आणून बसवलंय. म्हणे, आजोबा, मोरा बंदरावरची ती गोष्ट एकदा सगळ्यांसमोर सांगून टाका. तुम्हाला अंगावर काटा हवा, भाऊ गेला तो माझा. सांगतो. मधे बोलू नका.

अठ्ठावन्न साल. मोरा बंदरावर मी होड्यांवर नावं काढायचो. इंग्रजी वाचता येत नव्हतं. आकार बघायचा, तसाच उतरवायचा. धाकटा भाऊ गोटीराम, देवजी नाखव्याकडे खलाशी. डावरा. आयुष्यभर अंगठा उठवला त्याने.

देवजीने नवी होडी बांधली. नाव मुलीचं, कमळी. पण साधं अक्षर नको. टेकडीमागे कुणा गोऱ्या खलाशाचं थडगं होतं, त्यावरच्यासारखं हवं. ती अक्षरं म्हणजे शेजारी शेजारी ठोकलेल्या काळ्या मेखा, मधे सुरी शिरणार नाही. वर-खाली शंकरपाळ्यासारखी टोकं. मोठ्या अक्षराच्या पोटात केसासारख्या रेघा.

"देवजी, मेलेल्याचं हाय ते. होरीवर नको."

"अक्षराला काय सुतक लागतं? जमत नाय तं तसं सांग."

पोस्टातल्या कारकुनाने लागतील त्या अक्षरांवर खडूने खुणा केल्या. मी तेलकागद लावून, कोळसा घासून तेवढीच उचलली. पसरट ब्रश एकाच तिरक्यात धरला की जाड-बारीक आपोआप येतं. होडीवर रंगवताना रंगाचा वास येत नव्हता. उकरलेल्या मातीचा येत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी खडू पुसायला गेलो. खुणा होत्या. त्यांच्याखाली अक्षरं नव्हती... दगड गुळगुळीत, टाकी कधी लागलीच नाही असा.

पळत धक्क्यावर आलो. होडी सुटायच्या बेतात.

"देवजी, त्याची अक्षरं त्याला परत दे! मी आता खरडतो. गोट्या, उतर खाली!"

देवजी धक्क्यावर उभा राहून हसला. "ने रे याला घरी, आईच्या पदराखाली ठेव!"

सगळे हसले. गोटीराम लाजला. लाजला म्हणून उतरला नाही.

"येतो ना दादा... नको घाबरू..."

कमळी आली नाही. फळीसुद्धा नाही.

तेरावं झाल्यावर थडग्यापाशी गेलो. अक्षरं जागच्या जागी. हात लावला, ओली. बोट जिभेला लावलं, खारट. पण तिरका उलटा. जिथे जाड हवं तिथे बारीक, बारीक तिथे जाड. ब्रश डाव्या हातात असला तरच तसं होतं...

देवजीने गाव गोळा करून मलाच करणी करणारा ठरवलं. "यानंच भावाला खाल्ला!" माझ्या आईच्या तोंडावर बोलला. आईने मरेपर्यंत माझ्या हातचं पाणी घेतलं नाही.

या शिमग्याला पुन्हा गेलो होतो. त्या दगडावरचं आणखी एक अक्षर गेलंय. जागा गुळगुळीत. आकार मला पाठ. घरी येऊन नातीला अंगणातल्या मातीत काढून दाखवला. ती इंग्रजी शिकलेली. म्हणाली, आजोबा, नाखव्यांच्या नावाचं पहिलं अक्षर आहे हे.

तेव्हापासून मागे लागलीय. म्हातारे झालेत ते, त्यांना सांगा, नातवाच्या होडीत बसू नका म्हणावं.

सांगेन की. आधी त्याच धक्क्यावर, चारचौघांत, माझी माफी मागू दे. देवजी नाखव्याला.