सातवरच्या बाईचं तोंड

दुपारी दोनला ड्युटी बदलली की माझं पहिलं काम तोंडं बघायचं. केमो चालू असलेल्यांचं तोंड येतं, म्हणून टॉर्च आणि लाकडी पट्टी घेऊन एकेकाला ‘आ’ करायला लावायचं आणि तक्त्यात आकडा लिहायचा. एक म्हणजे ठीक, तीन म्हणजे डॉक्टरांना बोलवा. चौदा खाटा. खरं सांगते, घाई असली की आम्ही कालचाच आकडा पुढे उतरवतो. सातवरची बाई कधी कुरकुर करायची नाही, भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. तिला तीन दिवस मी न बघताच ‘एक’ दिला होता. त्या दिवशी चारला तिचा पुढचा डोस होता.

सहावरचे शिंपीकाका मात्र बडबडे. “दात मोजून ठेवा हं सिस्टर, उद्या एखादा कमी भरला तर तुम्हालाच धरीन,” म्हणाले आणि त्यांनी आ केला. मी पट्टीने जीभ दाबली. तोंड कोरडं पडलं होतं, औषधाचा उग्र वास येत होता.

“सिस्टर… माझं बघा ना.”

आवाज बाईचा होता आणि काकांच्या घशातून येत होता. पट्टीखालची जीभ हलली नव्हती. काकांचे डोळे विस्फारले होते. ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्या तोंडात.

“तीन दिवस झाले… बोलता येत नाही.”

मी पट्टी काढली. मी सातवर गेले, बाईला हळूच वळवलं आणि तिचे ओठ उघडले. जीभ, गाल, टाळू, सगळीकडे पांढरे चट्टे आणि मधून रक्त. डॉक्टरांनी डोस थांबवला. तो गेला असता तर जंतू रक्तात उतरून बाई हातची गेली असती, असं ते म्हणाले. मला आधी लाज वाटली, भीती घरी गेल्यावर वाटली. वीस दिवसांनी बाई आपल्या पायांनी चालत घरी गेली.

तेव्हापासून न बघता मी एकही आकडा लिहीत नाही. पण नोकरीला अकरा वर्षं झालीत. आधी असे न बघता किती लिहिले आणि त्यातले किती जण घरी गेले, हे मी आठवायला बसत नाही.

काल शिंपीकाका पुढच्या डोससाठी परत आले, पुन्हा सहावरच. मी जवळ गेले तर त्यांनी तोंडावर हात घट्ट दाबून धरला होता. बोटांच्या फटीतून ते पुटपुटले, “आज नको, सिस्टर… आज बरेच जण आहेत.”

खिडकीत लख्ख ऊन होतं. तक्त्यात त्यांची चौकट रिकामी होती. मी टॉर्च लावला आणि म्हटलं, “आ करा, काका.”