तळ्याचा कठडा

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर द्या सोडून. पण हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय. भर दुपारी, सार्वजनिक बागेत.

मामा तिथे माळी. त्याच्याआधी त्याचे वडील, म्हणजे माझे आजोबा.

आजोबा माळी होते आणि मामा त्यांच्या हाताखाली, तेव्हा बागेच्या मधोमध गोल तळं होतं, भोवती लोखंडी कठडा. नवे साहेब आले. म्हणाले, "कठड्याने शोभा जाते. काढा."

मामाने स्वतःच्या हातांनी तो कापला. आजोबा ओरडत राहिले, "अरे, कुणीतरी पडेल!"

आठ दिवसांत तेच पडले.

कागदावर लिहिलं गेलं, 'माळ्याचा निष्काळजीपणा'. मेलेल्या माणसावर! मग तळं बुजवलं. वर कारंजं आलं, ते जाऊन हिरवळ आली. प्रत्येक साहेबाला अक्कल पाजळायची खाज. तीस वर्षांत तळं नकाशातूनसुद्धा गेलं.

गेल्या वर्षी तिथेच झोपाळे आले. मामा विनवत होता, "साहेब, तिथे नको."

"काका, तुमचं वय झालं," इंजिनिअर हसला.

मामाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पहिल्या दिवशी शाळा सुटली. मुलं फाटकातून धावत आली...

आणि मध्येच वळली.

एकूण एक. झोपाळ्यांभोवतीच्या मोकळ्या जमिनीला गोल वळसा घालून पलीकडे गेली. झोपाळ्यांवर कुणीच नाही.

"घाबरता कशाला रे?" इंजिनिअर तरातरा झोपाळ्यापर्यंत गेला आणि परत आला.

जमीन कोरडी ठणठणीत होती.

त्याची पँट मात्र... कमरेपर्यंत ओली.

"पाणी कुणी सोडलं?" तो मामावरच खेकसला. पाइप मामाच्या खांद्यावर गुंडाळलेला होता. चोराच्या उलट्या बोंबा!

तेवढ्यात एका चिमुरडीने मामाची बाही ओढली.

"तिथले आजोबा खूप रागावलेत."

"साहेबांवर ना?" मामाने आशेने विचारलं.

"नाही... तुमच्यावर. म्हणतात, कठडा कुठे ठेवलास?"

मामा आता निवृत्त आहे. झोपाळे अजून तिथेच आहेत. रोज शाळा सुटायच्या वेळी मामा जाऊन त्यांच्यासमोर उभा राहतो, दोन्ही हात पसरून. लोक हसतात. मामी चिडते, कारण चपला रोज ओल्या होऊन येतात.

"किती दिवस उभा राहणार?" मी एकदा विचारलं.

"बाबा विचारायचे थांबेपर्यंत."