कापलेला इंच

“नको,” वहिनी म्हणाल्या, आणि अर्जावर टेकवलेले पेन मुलाने पुन्हा उचलले.

सकाळपासूनचा हा तिसरा नकार होता. पहिले घर दवाखान्याला खेटून होते, दुसरे भोजनगृहासमोर, आणि हे तिसरे तर तळ्याकाठचे, जे बघायला लोक महिनाभर आधी नाव नोंदवतात म्हणे. मोठाल्या काचा, बसायला सज्जा, न्हाणीघरात धरायला दांडे, उंबरठा नाही की पायरी नाही. नाव ठेवायला जागा नव्हती. तरी वहिनींनी पडद्याची कड बोटांत धरून शिवण उलटून पाहिली, बाहेरच्या रस्त्यावर लांबवर नजर टाकली आणि मान हलवली.

“अगं वहिनी, पण का नको?” मुलगा म्हणाला. आपल्या आईला तो वहिनीच म्हणत असे. काका जी हाक मारायचा तीच ऐकत तो बोलायला शिकला, आणि काका घर सोडून गेला तरी हाक मागे राहिली. “निवृत्त लोकांची एवढी मोठी वसाहत. सहाशे घरं आहेत इथे. सगळी बघणार का आपण?”

“लागली तर बघू. राहायचं कुणाला आहे?”

घर दाखवायला आलेली कचेरीतली बाई हसली. तिचे हसणे नोकरीचा भाग होते, पण पाय दुखायला लागले होते ते खरे होते.

वहिनी घर शोधत नव्हत्याच. त्या माणूस शोधत होत्या. या सहाशे दारांपैकी एका दाराआड त्यांचा धाकटा दीर दोन वर्षांपासून राहत होता. वहिनींकडून पडदे शिवून घेणाऱ्या एका जुन्या गिऱ्हाइकाने त्याला इथल्या रस्त्यावर फिरताना पाहिले होते. कोण कुठे राहतो ते बाहेरच्याला सांगायचे नाही, असा कचेरीचा नियम. निरोप ठेवता आला असता... पण निरोप पाठवला की नकारही निरोपानेच येतो, आणि अडतीस वर्षांच्या अबोल्यानंतर नकारच ऐकायचा असेल तर तो वहिनींना त्याच्या तोंडून ऐकायचा होता. आयुष्याची उरलेली वर्षे त्याच्या नजरेच्या टप्प्यात काढायची, तो बोलो न बोलो, हे त्यांनी ठरवून टाकले होते. मुलाला यातले काही ठाऊक नव्हते. त्याला वाटत होते, वय झाले की माणसे चिकित्सक होतात.

लग्न होऊन वहिनी त्या घरात आल्या तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या आणि दीर नऊ वर्षांचा, आईबापावेगळा. पडदे शिवायचे काम त्या माहेरीच शिकल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात, मोठी कात्री चालते कशी ते बघायचे म्हणून, त्या पोराने त्यांच्या कापडी टेपचा पहिला इंच कचकन कापून टाकला. त्याचे थोरले बंधू, म्हणजे वहिनींचे यजमान, शाळामास्तर. हातातली फूटपट्टी उगारून धावले. पोर शिलाई मशीनखाली दडले. आणि नवी नवरी शांतपणे म्हणाली, “मीच कापला. टोक विरलं होतं.”

त्या दिवसापासून ते पोर त्यांचे झाले. टेप धरायला तोच, आकडा ओरडून सांगायला तोच, आणि आकड्यातून एक वजा करायलाही तोच. कारण कापलेला टेप नेहमी एक इंच जास्त दाखवी. पुढे टेप जुने होऊन तीनदा बदलले, पण प्रत्येक नव्या टेपचा पहिला इंच वहिनी आपल्या हाताने कापून टाकत. गिऱ्हाइके हसत. वहिनी म्हणत, “हाताला वळण लागलंय, त्याला कशाला डिवचायचं?”

मग त्याला चोविसावे वर्ष लागले. नकाशे काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पूल बांधणाऱ्या एका मोठ्या कचेरीकडून, फार दूरच्या शहरातून, नेमणुकीचे पत्र यायचे होते. दिवस गेले, आठवडे गेले, पत्र आले नाही. एका दुपारी बटण लावायला सुई शोधताना ते त्याला सापडले... वहिनींच्या मशीनच्या खणात, तळाशी अंथरलेल्या कागदाखाली, फोडलेले. हजर होण्याची तारीख उलटून अकरा दिवस झाले होते.

“वहिनी... हे तू?”

वहिनींनी खणाकडे पाहिले. तळाचा कागद नवा होता, आणि तो त्यांनी घातलेला नव्हता. खणात न मावल्यामुळे त्याची कड वर दुमडली होती. मग त्यांनी दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिले. ज्याने भावाला पोटच्या पोरासारखे वाढवले, ज्याला त्याचा वियोग कल्पनेतही सोसत नव्हता, त्या माणसाचा चेहरा पांढराफटक पडला होता. एका क्षणात त्यांना सगळे कळले आणि त्याच क्षणात त्यांनी ठरवले. वहिनीवाचून हे पोर जगेल. पण बापाच्या जागी असलेल्या भावावरचा विश्वास उडाला, तर या जगात त्याला आपले म्हणायला कोणीच उरणार नाही.

“हो,” त्या म्हणाल्या. “मीच ठेवलं.”

तो त्याच संध्याकाळी गेला. भावाला त्याची पत्रे येत राहिली, त्यात वहिनींच्या नावाची एक ओळही नसे. नवरा प्रत्येक पत्र वाचून खाली मान घाली. सांगतो, सांगतो, म्हणे... आणि नऊ वर्षांपूर्वी तो न सांगताच गेला. दीर तेव्हा आला, दाराबाहेर उभा राहिला आणि वहिनींशी एक शब्द न बोलता परत गेला. वहिनींनी तेव्हाही तोंड उघडले नाही. गेलेल्या माणसाची झाकली मूठ आपण उघडायची नाही, हे त्यांनी मनाशी पक्के केले होते.

“आता एकच भाग राहिलाय, मागचा,” कचेरीतली बाई म्हणाली. “पण तो तुम्हाला आवडायचा नाही. कपडे धुवायची यंत्रं तिकडेच आहेत, दिवसभर घरघर चालते. दवाखाना तर पार दुसऱ्या टोकाला.”

“चला,” वहिनी म्हणाल्या आणि बॅटरीच्या छोट्या गाडीत सगळ्यांच्या आधी जाऊन बसल्या.

मागच्या भागात घरे बुटकी होती, समोरासमोर, मधे चार पावलांचा रस्ता. वहिनी खिडक्या बघत होत्या. पन्नास वर्षे पडदे शिवलेल्या बाईला घरात कोण राहते ते दारापेक्षा खिडकी लवकर सांगते. हा पडदा विकतचा. हा सुनेने निवडलेला, सासूला न आवडलेला. ही नुसती चादर अडकवलीय, एकटा बाप्या असणार...

“थांबवा,” त्या म्हणाल्या.

डाव्या हाताला निळ्या पडद्यांचे घर होते. रस्त्याकडे चार खिडक्या, चारही पडदे जाड कापडाचे, शिवण सरळसोट. आणि चारही चौकटीच्या तळापासून एक इंच वर. अर्धा नाही, दीड नाही, एक. माणसाचे एखादे माप चुकते. चारही खिडक्यांना नेमके तेवढेच चुकते तेव्हा ती चूक नसते, ते वळण असते. अख्खा टेप हातात असतानाही आकड्यातून एक वजा करणारी माणसे या जगात दोनच होती, आणि त्यांतले एक गाडीत बसले होते.

समोरचे घर रिकामे होते. दाराला कचेरीचे कुलूप.

“हे घर,” वहिनी उतरत म्हणाल्या. “भर अर्ज.”

“आत तरी बघ. दवाखाना किती लांब आहे इथून.”

“मी इथे आजारी पडायला येत नाहीये, राहायला येतेय.”

आणि त्या रस्ता ओलांडून निळ्या पडद्यांच्या दाराशी गेल्या. त्यांनी घंटा वाजवली ती वाजवलीच. मागे वळून पाहिले असते तर पाय मागे फिरले असते.

दार उघडले. केस विरळ झालेले, चष्मा कपाळावर, खांदे वाकलेले... डोळे मात्र मशीनखाली दडलेल्या पोराचे.

अडतीस वर्षे मनात घोळवलेल्या वाक्यांपैकी एकही वहिनींना आठवेना.

“पडदे आखूड झालेत,” त्या म्हणाल्या.

त्याने दाराची चौकट धरली.

“माहीत आहे... कापलेलं कापड वाढत नाही, वहिनी.”

“पट्टी जोडता येते.”

मग इतकी वर्षे तुंबलेले सगळे एकदमच वाहू लागले. “इथे आलो तेव्हा स्वतः माप घेऊन शिवले. लावले तर चारही एक इंच आखूड. एकटाच हसलो, म्हटलं, वहिनीचा टेप डोक्यातून अजून जात नाही. आणि हसता हसता मला तो खणातला कागद आठवला. दुमडलेली कड आठवली. तो बरोबर एक इंच मोठा होता, वहिनी. तुझ्या हातून कागद एक इंच मोठा कापला जाईल? माप तुझ्या टेपने घेऊन, एक वजा न करता, कागद फूटपट्टीने कापणारा माणूस आपल्या घरात एकच होता.”

जे सत्य वहिनींनी उराशी धरून म्हातारे केले होते ते असे भर दुपारी, उघड्या दारात उभे राहील असे त्यांना कधी वाटले नव्हते. तरीही त्या म्हणाल्या, “काहीतरीच तुझं. मीच ठेवलं होतं.”

“पुरे आता...” तो रडत होता, तोंड न झाकता, लहान मुलासारखा. “मीच कापला म्हणालीस, तेव्हा मी मशीनखालून ऐकत होतो. तू खोटं कुणासाठी बोलतेस ते मला नवव्या वर्षापासून माहीत होतं, आणि तरी मी तुला... कळल्यावर दोनदा तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो. परत गेलो. कुठल्या तोंडाने दार वाजवणार होतो?”

“आहे त्याच तोंडाने. दुसरं कुठून आणणार होतास?” वहिनी म्हणाल्या, आणि हे म्हणतानाच त्यांचे स्वतःचे डोळे भरून आले. त्यांनी त्याचा हात धरला. “त्यांना दोष देऊ नकोस हं. तू लांब जाशील या भीतीने त्यांच्या हातून झालं ते. मग आयुष्यभर मान वर केली नाही त्यांनी.”

“रागावलो होतो दादावर. वर्षभर रागावलो होतो. मग म्हटलं, जे तू एवढी वर्षं सांभाळलंस ते मी कशाला मोडू?”

मुलगा अर्ज हातात धरून फाटकाशी उभा होता. त्याने सगळे ऐकले होते. आपल्या आईकडे तो असा बघत होता की जणू ही बाई आजच त्याला भेटत होती.

“वहिनी,” तो म्हणाला, “म्हणजे सकाळपासून तू घरं बघतच नव्हतीस?”

“बघत होते की. हे बघत होते.”

मग त्यांनी तळहाताने डोळे कोरडे केले, पिशवीतून टेप काढला आणि विचारल्याशिवाय आत जाऊन पहिल्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या. कापलेले टोक त्यांनी हात उंच करून पडद्याच्या दांडीला लावले. खालच्या टोकापाशी कुणी बसायचे ते सांगावे लागले नाही. तो बसला, गुडघे कुरकुरले, त्याने लक्ष दिले नाही.

“एकोणपन्नास,” तो ओरडला, गरजेपेक्षा जरा मोठ्यानेच.

“मग?” वहिनींनी वरून विचारले.

“मग अठ्ठेचाळीस.”

मागोमाग आत आलेल्या मुलाने तो आकडा अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतला.