टोपण लावून काढलेले दहा फोटो

अनसक्काच्या वहीचा नियम साधा होता. शेंडेनक्षत्र निदान दोघांनी पाहिलेलं असेल तरच ते वहीत चढायचं. बंगळूरचं बाकीचं एचएसआर लेआउट धूमकेतू म्हणो की कॉमेट म्हणो, या घरात ते शेंडेनक्षत्रच होतं. पानावर वर तारीख आणि ठिकाण, मधे पेन्सिलीनं काढलेलं चित्र, आणि खाली ओळी आखून पाहणाऱ्यांची नावं, ज्याच्या त्याच्या हातची. हा नियम तिच्या वडिलांचा, त्रिविक्रमअण्णांचा. अण्णा जमीनमोजणी खात्यात होते आणि साक्षीदाराशिवाय कुठं हद्दीचा दगड रोवत नसत.

शहाऐंशीचा हॅले, सत्त्याण्णवचा हेल-बॉप, मधले बारीकसारीक, सगळे त्या वहीत होते. आता शेवटचं पान उरलं होतं. अण्णा जाऊन नऊ वर्षं झाली होती. तीन वर्षांपूर्वी काचबिंदूनं अनसक्काचे दोन्ही डोळे गेले होते. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली ही बाई आता स्वयंपाकघरात मीठ आणि साखर बोटानं चाखून ओळखायची, आणि चुकली तर सगळ्यांच्या आधी आपणच हसायची.

२०२४च्या सप्टेंबरात पहाटे नवा धूमकेतू दिसणार अशी बातमी आली, तेव्हा मात्र ती हसली नाही. तिची भाची निवेदिता तिच्याच घरी राहायची आणि बेळ्ळंदूरच्या एका ऑफिसात जायची. तिनं बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. अनसक्का म्हणाली, "ते पान कोरं ठेवून मला जायचं नाही, निवी."

निवेदिता म्हणाली, मी बघते, फोटो काढते, तू नुसती शेजारी बस आणि सेकंद मोज. दोघींची नावं घालू. अनसक्कानं मान हलवली. मोजणं म्हणजे बघणं नव्हे, आणि खोटी साक्ष अण्णांच्या वहीत ती घालणार नव्हती. मोजायला मात्र ती यायला तयार होती.

मोजायला कुणीतरी लागणारच होतं, कारण सगळा मामला हातानं चालवायचा होता. जुना कॅमेरा, त्याला तितकीच जुनी लांब लेन्स, आणि खाली सुताराकडून करून घेतलेल्या दोन फळ्या, बिजागरीनं जोडलेल्या. आकाश सरकतं, त्याच्यासोबत कॅमेरा सरकावा म्हणून फळ्यांमधला स्क्रू मिनिटाला एक फेरा असा फिरवायचा. मोटार नाही, काही नाही. अनसक्का कानडीत मोजायची, ओंदु, एरडु, मूरु, आणि तिचं मिनिट घड्याळाच्या मिनिटाला हरायचं नाही.

चार पहाटा ढगांनी खाल्ल्या. पाचवी पहाट एक ऑक्टोबरची. यानंतर धूमकेतू सूर्याच्या उजेडात शिरणार होता, म्हणजे पहाटेची ही शेवटचीच संधी. होसकोटेच्या पुढं एका तळ्याच्या बांधावर निवेदितानं तिवई रोवली. समोर पूर्वेला नाचणीची शेतं होती. मागं बांधाचा दगडी उतार आणि लगेच पाणी. गाळाचा आणि निलगिरीच्या पानांचा वास येत होता. दूर कारखान्यांच्या बाजूला ट्रक गुरगुरत होते. तिनं अनसक्काला घडीच्या खुर्चीवर बसवलं, लोकरीची शाल लपेटून दिली आणि लेन्सचं टोपण काढलं.

सव्वापाचला ढग फाटले. फट अरुंद होती. निवेदिता कॅमेरा इकडेतिकडे वळवत राहिली, पण तिला तो सापडेना.

"स्वल्प डावीकडे," मागून अनसक्का म्हणाली. "अजून. हां, आता थोडं खाली."

तिथंच होता तो. साध्या डोळ्यांनाही दिसत होता, एक पुसट उभी रेघ आणि तिच्या बुडाशी ठिपका. निवेदिताला नवल वाटलं, पण फार नाही. आत्याला आकाश पाठ होतं. वेळ आणि दिशा कळली की तिनं हिशेबानं सांगितलं असेल. तिनं पहिला फोटो काढला. तो पडद्यावर उमटायच्या आत अनसक्का बोलली.

"डोकं पिवळसर आहे. शेंडी वर जाते आणि स्वल्प उजवीकडे झुकते. टोकाला फाटल्यासारखी वाटते."

पडद्यावर फोटो आला. पिवळसर डोकं. उजवीकडे झुकलेली शेंडी. टोकाला फाटलेली.

निवेदितानं मागं वळून पाहिलं. अनसक्काचं तोंड कॅमेऱ्याकडे नव्हतंच, ते कुठंतरी शेताकडे होतं, आणि डोळे मिटलेले होते. आवाज न करता निवेदितानं आपला तळवा लेन्ससमोर धरला.

"हात काढ," अनसक्का म्हणाली.

निवेदितानं हात काढला आणि ती रडायला लागली. तिला भीती वाटायला हवी होती, पण त्या क्षणी तिला फक्त आनंद झाला, इतका की छातीत मावेना. अनसक्काही रडत होती, हसत होती, आणि तशातच मोजत होती. एकही आकडा चुकत नव्हता. तीन वर्षांनी तिला काहीतरी दिसत होतं, आणि जे दिसत होतं ते हे होतं. चाळीस फोटो झाले. पूर्वेला तांबडं फुटलं, धूमकेतू त्यात हळूहळू विरघळला, आणि अनसक्कानं दोन्ही हात जोडले.

एक काम उरलं होतं. कॅमेऱ्याच्या आतले डाग चित्रात येतात. ते नंतर वजा करता यावेत म्हणून टोपण लावून दहा काळे फोटो काढायचे असतात. निवेदितानं टोपण लावलं.

"आता दिसेना झालं," अनसक्का म्हणाली.

"टोपण लावलंय, अनसक्का."

"सरी, बरं. मग आता त्याची पाळी."

अण्णांच्या दुर्बिणीपाशी तशी शिस्तच होती. एकाचं पाहून झालं की बाजूला व्हायचं आणि पुढच्याची पाळी. जुनी आठवण आली असेल, असं निवेदिताला वाटलं. तरी तिनं एकदा मागं पाहिलं. पाण्यावर धुकं होतं, बाकी काही नाही. अनसक्कानं शाल गळ्याशी घट्ट धरली आणि दहापर्यंत मोजलं.

घरी आल्यावर हातपाय धुवायच्या आधी अनसक्कानं वही मागितली. पेन्सिल हातात घेऊन तिनं एका दमात चित्र काढलं. निवेदितानं चाळीस फोटो संगणकात एकावर एक बसवले. जो एक फोटो तयार झाला तो तिनं चित्राशेजारी धरला. शेंडीचा झोक तोच, टोकाची फाट तीच. तिनं ऑफिसात सुट्टी टाकली. दिवसभर फोन वाजत राहिला, शेजारच्या क्षमा दोनदा येऊन फोटो पाहून गेल्या, आणि अनसक्कानं प्रत्येकाला पहिल्यापासून सांगितलं. इतकी खूश निवेदितानं तिला कधी पाहिली नव्हती.

संध्याकाळी सह्यांची वेळ आली. "खाली ओळी आखून दे," अनसक्का म्हणाली. "तीन."

"दोन, अनसक्का. आपण दोघी."

"तीन, निवी. मला मोजता येतं."

निवेदितानं तीन ओळी आखल्या. पहिलीवर अनसक्कानं मोठ्या, ठसठशीत अक्षरात आपलं नाव लिहिलं. दुसरीवर निवेदितानं. तिसरी कुणाची, असं तिनं विचारलं.

"त्याची तो लिहील," अनसक्का म्हणाली आणि देवघरात दिवा लावायला गेली.

डाग वजा करायचे राहिले होते. निवेदितानं टोपण लावून काढलेले दहा फोटो उघडले.

ते काळे नव्हते.

कॅमेऱ्याचं तोंड सगळा वेळ पूर्वेला होतं. फोटो मागून काढलेले होते, तळ्याच्या बाजूनं. पहाटेचा उजेड, बांध, तिवईवर वाकलेली ती स्वतः, आणि खुर्चीतली अनसक्का, दोघी पाठमोऱ्या.

पहिल्या फोटोत त्या खूप लहान दिसत होत्या. मधे सगळं पाणी होतं.

पाचव्यात पाणी थोडंच उरलं होतं.

दहाव्यात अनसक्काच्या शालीची वीण मोजता येत होती.