पुसलेला सूर्य

"ही माझ्या आईची नाही," एवढंच म्हणून फाउस्तीनोनं फोन ठेवला.

दातांची डॉक्टर इर्मा कोवालचुक हिनं खुर्चीतल्या पेशंटला तोंड मिटायला सांगितलं, दवाखान्याला कुलूप घातलं आणि थेट नेमबाजी क्लब गाठला. दातांपेक्षा तिला जुन्या लष्करी बंदुकांचा नाद जास्त, हे पुएर्तो लापाचो गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

दालनात तिघं होते. क्लबचा राखणदार फाउस्तीनो, ऐंशीला टेकलेला पण ताठ. अध्यक्ष, निवृत्त कर्नल बारेदा. आणि त्यांनी बोलावलेला फौजदार रोलोन, हातात तेरेरेचा, येर्बाच्या पाल्याच्या थंडगार चहाचा, पेला.

भिंतीवर काचेच्या पेटीत १८९१च्या बनावटीची कार्बाइन, आखूड नळीची लष्करी बंदूक होती. खालच्या पितळी पाटीवर तिचा नंबर आणि मजकूर: येर्बाच्या मळ्यातल्या संपात एलाडियानं ही मळ्याच्या व्यवस्थापकाच्या हातून हिसकावली. एलाडिया म्हणजे फाउस्तीनोची आई. व्यवस्थापक म्हणजे कर्नलचे आजोबा.

कर्नलच्या डोळ्यांत ती पाटी खुपायची. आजोबा त्या दिवशी गावातच नव्हते, हे त्यांचं पालुपद. गेल्या सभेत फाउस्तीनो उसळला होता, "आई सांगायची, दस्त्याच्या टोकाला लोखंडी पट्टी आहे, तिच्याखाली मालकाचं नाव डागलंय. रविवारी गावासमोर उघडा. नाव निघालं नाही तर पाटी मीच उखडतो!" तेव्हापासून गावात त्या नावाचीच चर्चा होती. एलाडियानं जिवंतपणी त्या पट्टीला कुणाला हात लावू दिला नव्हता.

"आता तंतरली याची," कर्नल म्हणाले. "म्हणून बंदूक बदलल्याची बोंब मारतोय. फौजदार, किल्ल्या काढून घ्या आणि याला बाहेर काढा."

"बाहेर कशाला, तुरुंगात टाका," फाउस्तीनो म्हणाला. "पण परक्या बाईचा फोटो माझी आई म्हणून लावावा, तशी ही बंदूक भिंतीला लावू देणार नाही मी. हिच्यावरचा सूर्य कुठाय?"

नळीच्या बुडाशी देशाची मुद्रा असायची, उगवत्या सूर्याची. तिथं आता गुळगुळीत पोलाद होतं.

"रोज चिंधीनं घासतोस, जाईल नाही तर काय?" कर्नल हसले.

इर्मानं पेटी उघडायला लावली. नळीत गोळी सरकवणारा, सुटा निघणारा बोल्ट मागे ओढला.

"रोलोन, पाटीवरचा नंबर वाच."

त्यानं वाचला. बोल्टवर तोच होता.

"झालं समाधान?" कर्नलनी विचारलं.

इर्मानं कार्बाइन उलटी केली. नळीच्या बुडाखाली कोरलेला नंबर वेगळा होता.

"जुन्या बंदुकांत सुटे भाग इकडचे तिकडे होतातच, डॉक्टर."

"होतात," ती म्हणाली. "पेटीच्या किल्ल्या कुणाकडे असतात?"

"एक माझ्याकडे, एक साहेबांकडे," फाउस्तीनो म्हणाला.

"कर्नल, एवढ्यात नदीपलीकडच्या देशात गेला होतात?"

"सगळं गाव जातं. चिपा खायला गेलो होतो. गुन्हा आहे?"

"चिपा खाणं नाही." इर्मानं कार्बाइन टेबलावर ठेवली. "चिंधीनं सूर्य गेला, मग शेजारची कारखान्याची अक्षरं अजून धारदार कशी? चिंधी काय एकट्या सूर्यावर रुसली होती? हा सहाणेच्या चाकानं पाडलेला खळगा आहे. आपलं सरकार जुनी हत्यारं शेजाऱ्यांना विकायचं तेव्हा मुद्रा अशी घासून टाकायचं, परक्याच्या लढाईत आपला सूर्य दिसू नये म्हणून. एलाडियाची कार्बाइन देशाबाहेर कधी गेलीच नाही. ही गेली होती, आणि परत आलीय. इथल्या प्रत्येक बंदुकीची नोंद असते. गुपचूप हवी तर पलीकडूनच आणावी लागते."

"मग यानंच आणली असेल!"

"याला बोंब मारायची होती, असं तुम्हीच म्हणालात. मग यानं खरा बोल्ट काढून हिच्यात बसवायची खटपट कशाला केली असती? नंबर जुळवला तो कुणाला कळू नये म्हणून. किल्ल्या दोघांकडेच. आणि खरा बोल्ट इथं आहे, तर हिचा स्वतःचा कुठं गेला? बोल्टशिवाय बंदूक कपाटात ठेवायची म्हटलं की आपल्यासारख्या संग्राहकांना झोप येत नाही, कर्नल. तुमच्या घरी सूर्यवाली एक कार्बाइन निघेल आणि तिच्या बोल्टवर हिच्या बुडाखालचा नंबर असेल."

रोलोननं पेला खाली ठेवला. "चला साहेब, कपाट दाखवा."

"आहे माझ्याकडे!" कर्नल ओरडले. "आणि त्यानं काय सिद्ध होतं? ती दोन अक्षरं कुणीही डागली असतील!"



"दोन अक्षरं?" इर्मानं विचारलं. "सगळं गाव नावाबद्दल बोलतंय. आत नाव नाही, फक्त आद्याक्षरं आहेत, हे पट्टी उघडल्याशिवाय कळलं कसं? तुम्ही ती उघडलीत, आजोबांची अक्षरं पाहिलीत आणि तेव्हाच बंदूक बदलायचं ठरवलंत."

तासाभरात रोलोन कर्नलसोबत त्यांच्या घरून कार्बाइन घेऊन आला. बोल्टचा नंबर इर्मानं सांगितला तोच निघाला. फाउस्तीनोनं सूर्यावर अंगठा फिरवला आणि तो सगळ्यांदेखत हमसून हमसून रडला. त्याची त्याला काडीची लाज वाटली नाही.

रोलोननं पट्टी उघडायला खिशातून पेचकस काढला.

"आत्ता नाही," डोळे पुसत फाउस्तीनो म्हणाला. "रविवारी. गावासमोर."

"मी येणार नाही," कर्नल गुरगुरले. "शंभरदा बोलावलंत तरी येणार नाही."

"बोलावतंय कोण?" फाउस्तीनो म्हणाला. "तुमच्या आजोबांना तरी माझ्या आईनं कुठं बोलावलं होतं? आले तेव्हा हातात बंदूक होती. जाताना नव्हती."