पांढरा कंदील

नारेच्या बाहीला कागदाची गुलाबी पाकळी चिकटली होती, आणि ती काढायला जो हात पुढे आला तो खळीनं बरबटलेला होता. झालं असं, की पाकळी निघाली पण हातच बाहीला चिकटला.

"सोडा ना," ती म्हणाली.

"मी सोडतोय... तुमची बाही सोडत नाहीये."

वॉन्जू शहराजवळच्या डोंगरावरच्या त्या बौद्ध मंदिरात नारे आली होती ती चर्चच्या संवाद समितीतर्फे. दर वसंतात, बुद्धजयंतीआधी, चर्चची तरुण मंडळी मंदिरात कमळाचे कंदील करायला जात; नाताळात मंदिराची मंडळी येऊन येशूच्या गोठ्यात गवत अंथरत. कंदिलांचं काम मुयोलकडे होतं; तो खळीचा हातही त्याचाच. खाली लटकवायच्या चिठ्ठीवर नावं कशी लिहायची, तेही त्यानंच तिला शिकवलं. एका कंदिलाखाली एकाच घरातली माणसं.

चार शनिवार गेले. फादरांनी संवाद करायला पाठवलं होतं, आणि संवाद तर जोरात चालला होता... पण फादरांना अभिप्रेत होता तो हाच का, ते नारेला कळेना. घरी आई म्हणायची, "आपल्या घराण्यात बाप्तिस्म्याशिवाय जावई आलेला नाही." कुणी विचारलेलं नसतानाही म्हणायची. नारे प्रार्थनेला बसली की तिला मुयोल आठवे, आणि मुयोलशेजारी बसली की आई.

"जयंती झाली की समितीचं काम संपेल," चौथ्या शनिवारी तो म्हणाला. "मग... तुम्ही याल?"

"कशाला?"

"मला भेटायला."

तिला धड हो म्हणता येईना, धड नाही. ती खळ ढवळत राहिली. "जयंतीला सांगते," शेवटी पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी रविवारच्या मिस्सेत, चर्चमधल्या उपासनेत, फादरांनी मृतांची नावं वाचायला घेतली. "...आणि आग्नेस नारे," ते वाचून गेले आणि थबकले. बाप्तिस्म्यात आग्नेस झालेली नारे गायकांच्या रांगेत चांगली धडधाकट उभी होती. आईच्या हातून जपमाळ गळून पडली.

बाहेर इस्त्रीच्या शर्टात मुयोल उभा होता. "ऐकलंत? प्रार्थनेच्या पेटीत तुमच्या नावाची चिठ्ठी मीच टाकली."

"मृतांच्या रकान्यात?"

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "तिथं 'शाश्वत शांती' लिहिलं होतं... आमच्याकडे त्याहून मोठं काही मागतच नाहीत. तुम्ही फार गोंधळलेल्या दिसता. म्हटलं, शांती मिळू दे."

नारेला रागवायचं होतं, पण हसू फुटलं आणि मागोमाग डोळे भरून आले. आजवर तिच्यासाठी कुणी इतकं मोठं मागितलं नव्हतं.

"कोण गं तो मेला," आई वाटेत फणफणली, "जिवंत पोरीला पोचवणारा?"

जयंतीच्या आदल्या दुपारी नारे एकटीच मंदिरात गेली. तोंडानं सांगणं काही जमणार नव्हतं. मागच्या दालनात पांढऱ्या कंदिलांची रास होती. पांढरा! ईस्टरला फादर पांढरा झगा घालतात, आनंदाचा रंग. तिनं चिठ्ठी लिहिली, कंदील स्वयंपाकघराच्या दाराशी टांगला आणि मागे न बघता डोंगर उतरली.

सकाळी ती आली तेव्हा स्वयंपाकघरातल्या आजी कमरेवर हात ठेवून त्या कंदिलाखाली उभ्या होत्या. शेजारी मुयोल खाली लटकणारी चिठ्ठी बघत होता.

"काय रे मुयोल, तू कधी गेलास? आणि सोबत कुणाला नेलंस?" मग नारेकडे वळून म्हणाल्या, "पोरी, पांढरा कंदील मेलेल्या माणसांचा असतो."

नारेला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "मला... मला रंगाचं माहीत नव्हतं."

मुयोल अजून चिठ्ठीच बघत होता. तिच्यावर त्याचं नाव होतं, आणि त्याच्या नावाखाली, वळणदार अक्षरात, तिचं. आजींनी एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं, आत जाऊन गुलाबी कंदील आणला आणि त्याच्या हातात कोंबला.

"एका कंदिलाखाली एकाच घरातली माणसं," तो हळूच म्हणाला. "हे तरी माहीत होतं ना... तुला?"

त्यानं तिला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं. नारेनं पांढऱ्या कंदिलाची चिठ्ठी सोडली आणि त्याच्या हातातल्या गुलाबी कंदिलाला बांधली.

"तेवढं एकच माहीत होतं," ती म्हणाली.